इंडिकेटरवरची स्मोक फिल्म: दिवा किती मंदावतो आणि मागच्याचं त्याने काय बिघडतं

दसऱ्या-पाडव्याला नवी गाडी आली की लगोलग ती ॲक्सेसरीच्या दुकानात उभी राहते. सीट कव्हर, मॅट, आणि हल्ली त्याच्या जोडीला टेललाइट-इंडिकेटरवर स्मोक फिल्म. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्यातली नाना पेठ, काम तासाभराच्या आत होतं. लाल-पिवळी काच काळपट होते, गाडी मागून एकसंध दिसते, आणि चावी हातात देण्याआधी दुकानदार ब्रेक दाबून दाखवतो: "बघा, लाइट आरपार दिसतो."

तो खोटं बोलत नसतो. दुकानाच्या सावलीत, २ मीटरवरून, बरोबर मागे उभं राहिलं की लाइट दिसतोच. पण इंडिकेटर ज्याच्यासाठी लावलेला आहे तो माणूस तिथे कधीच नसतो. तो ६०-७० मीटर मागे ताशी ८०च्या वेगात असतो, दुपारच्या उन्हात असतो, किंवा डाव्या बाजूला तिरक्या कोनात दुचाकीवर असतो. त्याला काय दिसतं, याचा हिशोब मांडता येतो.

फिल्म नेमकं काय करते

दिव्यातून निघालेल्या १०० भाग प्रकाशापैकी जितके भाग फिल्मच्या पलीकडे पोचतात, त्याला पारगमन म्हणतात. ५०ची फिल्म म्हणजे निम्मा प्रकाश बाहेर, ३५ची म्हणजे जेमतेम एक तृतीयांश, २०ची म्हणजे पाचवा हिस्सा. दुकानात हा आकडा कधीकधी उलटा सांगितला जातो. "३० टक्के डार्क" म्हणजे ३० टक्के अडतो की ३० टक्के जातो, हे स्पष्ट विचारून घ्यावं. दोन्हींत दुपटीहून जास्त फरक आहे.

दोन थर आले की आकडे वजा होत नाहीत, गुणले जातात. ५०च्या फिल्मचे दोन थर म्हणजे २५. फिल्मऐवजी काळपट स्प्रेने काम केलं असेल तर किती हात मारले यावर सगळं अवलंबून, आणि कडेला व मध्यभागी थर सारखा बसत नाही. फिल्मवर पावसाळी चिखल बसला आणि त्यातून ६० टक्केच प्रकाश जात असेल, तर ३५ची फिल्म आणि चिखल मिळून २१ टक्के उरतात.

"मला तर नीट दिसतो की"

हा पहिला आक्षेप, आणि तो प्रामाणिक असतो. डोळा प्रकाश सरळ हिशोबाने मोजत नाही. प्रकाश निम्मा झाला तर डोळ्याला तो थोडासाच कमी वाटतो. याच गुणामुळे आपण भर उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेलो तरी काही वेळाने वावरू शकतो. पण त्यामुळेच जवळून पाहणाऱ्या मालकाला ३५ची फिल्म "जरा डार्क" एवढीच वाटते. नुकसान दिसतं ते टोकाला: दूरवर, उन्हात, तिरक्या कोनातून, आणि वयस्क डोळ्यांना. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणजे विशीतल्या पोराने फिल्म लावून "ठीक आहे" म्हटलं, तरी मागच्या गाडीतल्या काकांसाठी तो निकाल लागू होत नाही.

दिवा किती जोरात असावा लागतो

एका विशिष्ट दिशेने दिवा किती तीव्र आहे, हे कँडेला या एककात मोजतात. भारतातली वाहनांच्या दिव्यांची मानकं संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांना धरून बेतलेली आहेत. त्या नियमांत मागच्या नेहमीच्या इंडिकेटरला सरळ मागच्या दिशेने किमान ५० कँडेला लागतात, ब्रेकलाइटला किमान ६०, आणि पार्किंग लाइटला (रात्री सतत जळणारा लाल दिवा) किमान ४.

समजा नवा इंडिकेटर ११० कँडेला देतो, म्हणजे किमान मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ३५ची फिल्म लावली की ३८ उरले. मर्यादेच्या खाली गेला. ५०ची लावली तर ५५, म्हणजे काठावर पास. मग हलकी फिल्म चालेल का? इथे ती वरची शिल्लक कशासाठी ठेवलेली असते ते पाहावं लागतं. ती चिखलासाठी असते, जुन्या बल्बसाठी असते, कमी व्होल्टेजसाठी असते. बल्बच्या होल्डरचा अर्थ (करंट बॉडीकडे परत नेणारी जोडणी) गंजला आणि तंतूच्या बल्बला १३.५ऐवजी १२ व्होल्ट मिळाले, तर एवढ्यानेच प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने घटतो. हे आपल्याकडच्या रस्त्यांवर आणि पावसात रोज घडतं. फिल्म ही शिल्लक पहिल्याच दिवशी खाऊन टाकते.

बाजूच्या कोनांची गोष्ट आणखी नाजूक आहे. मागचा इंडिकेटर गाडीच्या बाहेरच्या अंगाला ८० अंशांपर्यंत आणि आतल्या अंगाला ४५ अंशांपर्यंत दिसायला हवा, असा नियम आहे. पण सगळीकडे ५० कँडेला मिळत नाहीत. सुमारे २० अंश बाजूला सरकलं की किमान अपेक्षा दहाव्या हिश्श्यावर येते, आणि टोकाच्या कोनात ती फक्त ०.३ कँडेला आहे. तुम्ही डावीकडे वळणार आणि डाव्या अंगाने दुचाकीस्वार येतोय, तेव्हा त्याला दिसणारा प्रकाश हाच, मुळात थोडका. त्यातला पाचवा हिस्साच बाहेर गेला तर भर दुपारी त्याला काहीही दिसत नाही. आपल्या शहरांत डावीकडून दुचाकी घुसणं हे रोजचं आहे, म्हणून मला या मुद्द्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

ब्रेक दाबलाय की नुसता पार्किंग लाइट?

पार्किंग लाइट आणि ब्रेकलाइट दोन्ही लाल. मागच्याला फरक कळतो तो तीव्रतेवरून. म्हणूनच पार्किंग लाइटला किमान जशी मर्यादा आहे तशी कमालही आहे: एकट्या दिव्याला १७ कँडेला. आता ८० कँडेलाच्या ब्रेकलाइटवर २०ची फिल्म लावा. उरले १६. मागच्याच्या डोळ्याला हा आकडा पार्किंग लाइटचा आहे. रात्री महामार्गावर अचानक तुमच्यामागे आलेला चालक, ज्याने तुमचा दिवा मंद असताना पाहिलेलाच नाही, तो ब्रेक लागलेला असूनही "पुढची गाडी चालतेय" असं समजतो.

वेळेचं गणितही बघा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. ओळखायला अर्धा सेकंद उशीर झाला तर १४ मीटर गेले, ब्रेकवर पाय पडण्याआधीच. इंडिकेटरचं तर त्याहून कडक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०२ प्रमाणे इंडिकेटर पिवळसर नारिंगी रंगाचा असावा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा. मिनिटाला ९० धरले तर एक चक्र पाऊण सेकंदाहून थोडं कमी. मंद इंडिकेटरची एक लुकलुक नजरेतून सुटली की पुढचीची वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात ताशी ८०ची गाडी १५ मीटर पुढे आलेली असते.

बंद पडलेल्या गाडीचा लाल रिफ्लेक्टर

टेललाइटच्या किंवा बंपरच्या कडेला मधाच्या पोळ्यासारख्या बारीक खणांचा एक लाल तुकडा असतो. तो दिवा नाही, त्याला बल्ब नाही, वायर नाही. मागच्या गाडीचा हेडलाइट त्यावर पडला की तो प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. बॅटरी बसली, वायरिंग जळलं, अपघातात गाडी आडवी झाली, की रात्री तुमची गाडी दिसण्याचा तोच एक आधार उरतो.

फिल्म या तुकड्यावर सगळ्यात जास्त घाव घालते. टोलनाक्यावर जाताना आणि येताना दोन्ही वेळा पैसे भरावे लागतात, तसं इथे प्रकाशाला फिल्म दोनदा ओलांडावी लागते. ५०ची फिल्म असेल तर परत येतो २५ टक्के. ३५ची असेल तर १२. २०ची असेल तर अवघे ४ टक्के. द्रुतगती मार्गाच्या कडेला अंधारात उभ्या असलेल्या गाडीचा रिफ्लेक्टर ४ टक्क्यांवर आला म्हणजे तो काढून टाकल्यातच जमा.

गाडी उभी असताना स्मोक्ड दिवा इतका काळाभोर आणि "भारी" का दिसतो, त्याचं कारणही हेच दुहेरी ओलांडणं आहे. बाहेरचा उजेड आत जाताना आणि परत येताना दोनदा मार खातो. म्हणजे जो काळेपणा आवडतो, तोच रिफ्लेक्टरला मारतो. रिफ्लेक्टर सोडून बाकीच्या भागाला फिल्म लावणारे काही कारागीर आहेत. निदान तेवढं भान चांगलं, पण ब्रेक आणि इंडिकेटरचा प्रश्न त्याने सुटत नाही.

"काळ्या काचेत दिवा उलट उठून दिसतो"

या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते नीट तपासू. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य मागच्या चालकाच्या पाठीशी असला की किरणं थेट टेललाइटमध्ये शिरतात आणि आतला परावर्तक (बल्बमागची चकचकीत वाटी) दिवा पेटल्यासारखा चमकतो. त्यावेळी खरोखर कळत नाही की ब्रेक लागलाय की ऊन आहे. फिल्म हा खोटा उजेड कमी करते, आणि दुहेरी ओलांडण्यामुळे दिव्याच्या प्रकाशापेक्षा जास्त कमी करते. एवढ्या एका परिस्थितीत फायदा आहे.

पण फिल्मच्या वरच्या चकचकीत पृष्ठभागावरून उन्हाचा जो सुमारे ४ टक्के भाग परततो, तो तसाच राहतो. आणि मागच्याचा डोळा तुमच्या काचेच्या काळेपणाला जुळवून घेत नाही. तो समोरच्या आभाळाला आणि तापलेल्या रस्त्याला जुळवून घेतो. त्या झगमगाटात उरायचं तर दिव्याला मूळ तीव्रताच लागते. सूर्य समोर असला, म्हणजे मागचा चालक डोळे बारीक करून गाडी हाकतोय, तेव्हा तर फिल्मचा फायदा शून्य आणि तोटा पूर्ण.

"कंपनीच्या काही गाड्यांना स्मोक्ड दिवेच येतात"

येतात. फरक क्रमाचा आहे. तिथे आधी काच काळपट ठरवली जाते, मग ती धरून एलईडीची संख्या, करंट आणि परावर्तकाचा आकार ठरतो, आणि संपूर्ण दिवा प्रयोगशाळेत प्रत्येक कोनातून मोजला जातो. पास झाल्यावरच तो गाडीवर बसतो. रिफ्लेक्टर सहसा त्या काळपट काचेच्या मागे न ठेवता वेगळा बसवलेला असतो. तुमच्या गाडीचा दिवा स्वच्छ काच धरून मोजला होता. त्यावर नंतर चढवलेला थर त्या मोजणीत नव्हता.

अनेक गाड्यांत दिसणारा काळेपणा काचेचा नसतोच. काच पारदर्शक आणि आतलं प्लास्टिकचं हाउसिंग काळं असतं. दिव्याच्या वाटेत काहीच येत नाही आणि लूक मिळतो. काळा लूक हवाच असेल तर हाच मार्ग: तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला, काळ्या हाउसिंगचा पूर्ण दिवा. काचेवर वर्तुळातलं इंग्रजी ई अक्षर आणि शेजारी आकडा कोरलेला आहे का पाहा; ती संयुक्त राष्ट्रांच्या नियमांखालच्या मान्यतेची खूण आहे. तीही स्टिकरवर नको, काचेत ओतलेली हवी.

"जास्त पॉवरचा एलईडी टाकून भरपाई केली"

मागच्या इंडिकेटरला सहसा २१ वॉटचा बल्ब असतो. पारदर्शक काचेमागे पीवाय२१डब्ल्यू हा नारिंगी बल्ब लागतो, सुमारे २८० ल्युमेन (सगळ्या दिशांचा मिळून एकूण प्रकाश मोजायचं एकक) देणारा. नारिंगी काचेमागे पी२१डब्ल्यू हा साधा, ४६० ल्युमेनचा. चुकून एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणून दोघांच्या बुडाच्या पिना वेगळ्या कोनात असतात. पिना कानशीने घासून साधा बल्ब पारदर्शक काचेत बसवला की इंडिकेटर पांढरा लुकलुकतो, आणि तो नियमात बसत नाही.

एलईडी बसवताना तीन गोष्टी बिघडतात. पहिली, परावर्तकाची वाटी तंतूच्या नेमक्या जागेभोवती आखलेली असते. एलईडीचे तुकडे त्या जागेवर नसतात, त्यामुळे एकूण प्रकाश जास्त असला तरी तो भलत्या दिशेला जातो. मागून झगझगीत, बाजूने अंधार. दुसरी, एलईडी कमी करंट घेतो, फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) बल्ब गेल्यासारखं वाटतं आणि इंडिकेटर भराभर लुकलुकू लागतो, मिनिटाला १२०च्या वर. तिसरी, ते थांबवायला बल्बइतका करंट खाणारा ६ ओहमचा ५० वॉटचा रेझिस्टर जोडतात. इंडिकेटर पेटलेला असताना त्यात सुमारे ३० वॉट उष्णता तयार होते. धोक्याचे चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी बराच वेळ उभी राहिली की तो इतका तापतो की टेकलेलं प्लास्टिक किंवा वायरचं आवरण वितळू शकतं. तो बसवलाच असेल तर बॉडीच्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेला हवा, दिव्याच्या प्लास्टिकवर चिकटवलेला नको.

रंगाचं काय

करडी फिल्म सगळे रंग साधारण सारखेच अडवते. लाल, जांभळी, रंग बदलणारी फिल्म तसं करत नाही. मागचा पूर्ण दिवा एकरंगी लाल दिसावा म्हणून नारिंगी इंडिकेटरवर लाल फिल्म लावली, तर बहुतेक प्रकाश तिथेच अडतो आणि उरलेला लाल होऊन ब्रेकलाइटमध्ये मिसळतो. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असलेला चालतो, आणि तिथल्याच राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये दोन्ही रंगांची तुलना केली. वळताना, लेन बदलताना मागून धडक बसण्याचं प्रमाण नारिंगी इंडिकेटरच्या गाड्यांत ५.३ टक्क्यांनी कमी आढळलं. स्वस्त रंगवलेली फिल्म काही उन्हाळ्यांत जांभळट पडते, तेव्हा आज करडी असलेली उद्याही करडी राहील असं नाही.

"बंदी काचांवर आहे, दिव्यांबद्दल कुठे लिहिलंय?"

काळ्या फिल्मविषयी सर्वोच्च न्यायालयाचा २७ एप्रिल २०१२चा निकाल खिडक्यांच्या काचांबद्दल होता. समोर-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के पारगमन हे आकडेही खिडक्यांचे, नियम १०० मधले. ते दिव्यांना लावून "५०ची चालते" म्हणणं चूक आहे. दिव्यांना अशी कुठलीही सवलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केलं. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पार्किंग लाइटबाबत नियम १०५ म्हणतो की तो मागून १५५ मीटरवरून दिसावा. दिसण्याचं अंतर तीव्रतेच्या वर्गमुळाप्रमाणे घटतं, त्यामुळे जेमतेम १५५ मीटरवरून दिसणारा दिवा ३५च्या फिल्ममागे सुमारे ९२ मीटरवर येतो.

लावलेली फिल्म कितीची आहे, हे कसं मोजायचं

मोबाइलवर लक्स (पडणाऱ्या उजेडाचं एकक) मोजणारं फुकट ॲप घ्या. रात्री अंधाऱ्या पार्किंगमध्ये कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा (लुकलुकणारा इंडिकेटर मोजू नका, आकडा ठरत नाही). फोनचा सेन्सर समोरच्या बाजूला, कानाला लावायच्या स्पीकरजवळ असतो. तो भाग दिव्याकडे करून १ मीटरवर स्टुलावर फोन ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मग एका बाजूची फिल्म काढून त्याच जागेवरून पुन्हा मोजा. आधीचा आकडा भागिले नंतरचा, गुणिले १००. फिल्मसह २१ आणि फिल्मविना ६० आला तर पारगमन ३५ टक्के. फोनचा सेन्सर अचूक नसला तरी इथे फक्त गुणोत्तर लागतं, त्यामुळे काम भागतं.

आणखी एक चाचणी दुपारी १२च्या उन्हात करा. फिल्म असलेल्या बाजूचा इंडिकेटर चालू ठेवा, ३० पावलं मागे जा, आणि तिथून त्याच बाजूच्या अंगाला सरकत सरकत दिवा केव्हा हरवतो ते पाहा. मग फिल्म काढलेल्या बाजूला तेच करा.

काढताना

टेललाइटची काच बहुधा ॲक्रिलिक असते, काचेसारखी दिसणारी पण द्रावणांना हळवी. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या परत जात नाहीत. फिल्म काढायला साधा हेअर ड्रायर पुरतो. १५-२० सेंटीमीटरवरून सतत फिरवत काच इतपत गरम करा की हात ठेवता येईल. कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचला, ब्लेड वापरू नका. फिल्म वर न ओढता काचेला जवळपास समांतर, मागे मुडपत सावकाश ओढा. घाईत ओढली की गोंद काचेवर राहतो. राहिलाच तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेलं सुती कापड दहा मिनिटं ठेवा, तरी चिकट वाटलं तर कापडावर थोडं रॉकेल घेऊन पुसा आणि लगेच साबणाने धुवा.

स्प्रे मारलेला असेल तर मेहनत जास्त. पाण्यासह १०००, १५००, २०००, ३००० नंबरचा पॉलिश पेपर याच क्रमाने, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. एखादा नंबर वगळला तर आधीचे ओरखडे राहतात आणि काच दुधाळ दिसते. रिफ्लेक्टरच्या तुकड्यावरून पेपर हलक्या हाताने न्या. हेडलाइटवर हा प्रयोग घरी करू नका: त्याची काच पॉलिकार्बोनेट असते, वरचा संरक्षक थर घासला गेला आणि नवा लावला नाही तर ती उन्हाने पिवळी पडते. टेललाइटवर स्प्रेखाली भेगा आधीच आल्या असतील तर पॉलिश करण्यात अर्थ नाही. त्यातून पाणी आत जातं, होल्डर गंजतो आणि दिवा पुन्हा मंदावतो, त्यामुळे पूर्ण दिवाच बदलावा. बदलताना होल्डरचा अर्थ पॉलिश पेपरने साफ करून घ्या आणि रबर सील जागेवर बसलाय ना ते पाहा.